हवा सोडायची तयारी: आधी फ्यूज, मग बाकीचं

पावसाने जोर धरला की ठाण्या-कल्याणातल्या आणि नवी मुंबईतल्या फोर-बाय-फोरवाल्यांना मुरबाडकडच्या कच्च्या वाटांची ओढ लागते. या वेळी निघणाऱ्यांत बरेच जण टायरची हवा कमी करून गाडी चालवायला नवखे आहेत, म्हणून हे लिहून ठेवतोय. पाणी, टोचनपट्टा, जॅक, पाना, कोरडे कपडे, गाडीचे कागद यांबद्दल मी काही सांगत बसत नाही. कच्च्या वाटेवर पकड मिळावी म्हणून हवा सोडायची, परतताना गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या कंप्रेसरने ती पुन्हा भरायची, आणि फ्यूज उडाला की तो कंप्रेसर बंद. म्हणून जादा फ्यूज मात्र घ्या. पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी तेवढं करा.

आदल्या रात्री ड्रायव्हरचं दार उघडून खांबावर चिकटवलेला तक्ता बघा. गाडीला किती हवा लागते ते तिथे लिहिलेलं असतं, पुढच्या-मागच्या टायरची वेगळी, भरलेल्या गाडीची वेगळी. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा नव्हे, ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. भलेभले तिथेच चुकतात. हवा मोजायची ती थंड टायरची, म्हणजे सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी जागची हलवण्याआधी. माजिवड्याहून निघून कल्याणमार्गे मुरबाड गाठेपर्यंत टायर तापतात आणि तीन-चार पाउंड (म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप; पुढचे सगळे हवेचे आकडे त्यातच) जास्त दाखवतात. हवा मोजायचं गेज स्वतःचं ठेवा. काट्याचं की डिजिटल यावर वाद घालू नका, रोज तेच वापरा म्हणजे झालं. स्टेपनीही मोजा. ती वर्षभर कोणी बघत नाही.

आता कंप्रेसर. डब्यावर ‘१५० पीएसआय’ असं ठळक छापलेलं असतं, त्याला भुलू नका. आपल्याला तीस-बत्तीसच्या पुढे जायचंच नाही. बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा देतो हे. थारच्या २५५/६५ आर १८ टायरच्या पोटात अंदाजे ६५ लिटर जागा असते. हवा सोडून १८ वर आणलेला टायर परत ३० वर न्यायचा तर बाहेरची पन्नास-पंचावन्न लिटर हवा आत ढकलावी लागते. खोक्यावर मिनिटाला ३५ लिटर लिहिलं असेल तर ते मोकळ्या नळीचं. टायरमधल्या दाबाविरुद्ध तेवढं कधीच मिळत नाही, म्हणून एका टायरला तीन-चार मिनिटं धरा. चार टायर मिळून पाव तास होतो, आणि बरेचसे छोटे कंप्रेसर सलग दहा-पंधरा मिनिटंच चालवायचे असतात. किती वेळ चालवायचा, किती वेळ थंड होऊ द्यायचा हे त्याच्या माहितीपत्रकात असतं, ते वाचा. जिम्नीचे १९५/८० आर १५ टायर लहान, त्यांचं काम लवकर उरकतं. बॅटरीवर चालणारे हातातले कंप्रेसर बाइकला छान आहेत, चार मोठ्या टायरना पुरतील या भरवशावर रानात जाऊ नका.

आणि आता फ्यूज. कंप्रेसरच्या वाटेत फ्यूज दोन असतात आणि लोकांना जेमतेम एक माहीत असतो. पहिला गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये, सिगारेट लायटरच्या सॉकेटचा. दुसरा बऱ्याचशा कंप्रेसरच्या प्लगच्या टोकात असतो. पुढची टोपी पिळून काढली की बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी काचेची नळी निघते, तोच तो. दोन्ही प्रकारचे जादा घ्या. सॉकेटच्या झाकणावर १२० वॅट लिहिलेलं असेल तर १२ व्होल्टला तो १० अँपिअरच सोसतो. तुमचा कंप्रेसर १५० वॅटचा असेल तर तो साडेबारा मागणार, आणि फ्यूज कधीही जाऊ शकतो. असा कंप्रेसर त्या सॉकेटला लावूच नका. मोठा, दोन सिलिंडरचा कंप्रेसर तर पंचवीस-तीस अँपिअर सहज ओढतो. त्याला बॉनेट उघडून थेट बॅटरीवर चिमटे लावायचे, लाल धनला, काळा ऋणला.

मागच्या वेळी माझ्याकडे जादा फ्यूज नव्हता. दोन टायर भरून झाले आणि कंप्रेसर गप्प. पुढचे दोन तीसवर, मागचे दोन अठरावर, आणि समोर माळशेजचा हमरस्ता. टोकावड्याहून सरळगावच्या दिशेने पंक्चरवाला सापडेपर्यंत कडेकडेने, पार्किंगचे दिवे लावून रांगत आलो. मागून ट्रक हॉर्न देत होते. दहा-वीस रुपयांची वस्तू होती ती.

तर फ्यूज विकत घेताना आपल्या गाडीतला काढून दुकानात न्या. फ्यूजबॉक्समधल्या पात्याच्या (ब्लेड) फ्यूजचे आकार वेगवेगळे असतात, अँपिअर जुळले तरी खाचेत बसत नाही. रंगावरून अँपिअर कळतात: लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०. पंधराचा उडाला म्हणून तीसचा घालू नका आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात गुंडाळू नका. फ्यूज वाचेल, डॅशबोर्डमागची वायर जळेल. फ्यूजबॉक्स कुठे आहे आणि त्यातला कुठला खण सॉकेटचा, हे घरी उजेडात शोधून ठेवा. ओढायचा छोटा चिमटा बहुधा फ्यूजबॉक्सच्या झाकणातच अडकवलेला असतो. फ्यूजची पुडी कंप्रेसरच्या पिशवीत टाका, डॅशबोर्डच्या कप्प्यात नको. तिथल्या पसाऱ्यात ती हरवते.

घरी एकदा पूर्ण तालीम करा. एका टायरची हवा अठरावर आणा आणि परत भरा. वायर आणि नळी मिळून उजव्या मागच्या टायरपर्यंत पोचते का, नळीचं टोक तुमच्या वॉल्व्हवर घट्ट बसतं का, सगळं त्यात कळेल. इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते. इंजिन चालू म्हणजे धूर आलाच, तेव्हा हे पोडियमच्या बंद पार्किंगमध्ये करू नका, गाडी बाहेर काढा. सॉकेटला फक्त कंप्रेसर. मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम दोन्ही काढून ठेवा.

जायचं कुठे? खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारून, वनखात्याची असेल तर परवानगी घेऊन. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे हे उद्योग करायचे नाहीत. वाळूत किती हवा ठेवायची तो आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण किनाऱ्यावर गाडी उतरवायचीच नाही. पोलीस गुन्हे नोंदवतात, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. भातखाचरातही नाही. तिथे पीक असतं, आणि त्या गाळात हवा किती सोडली याने काही फरक पडत नाही.

वाटेच्या तोंडाशी पोचलात की लगेच वॉल्व्हला हात लावू नका. आधी कंप्रेसर लावा, अर्धा मिनिट चालवा, त्याचा आवाज कानाने ऐका. त्याच गाडीत, त्याच सॉकेटला, त्याच दिवशी. काल घरी चालला होता हे उत्तर चालणार नाही. मधल्या खड्ड्यांत वायर निसटते, फ्यूज उडतो. कंप्रेसर वाजला आणि फ्यूजची पुडी डोळ्यांनी दिसली, तरच हवा सोडा. आपल्याबरोबर दुसऱ्या कुणाचा कंप्रेसर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तोही तुमच्याच भरवशावर आलेला असतो.

किती सोडायची? तक्ता तीसच्या आसपास सांगत असेल तर दगडगोट्यांच्या वाटेला २२, चिखलाला १८ ते २०. अनुभव नसताना याच्या खाली जाऊ नका. पंधराच्या खाली साधा टायर जोरात वळवला तर रिमवरून सुटतो. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग मुख्यत्वे लांबीने वाढतो, थोडी रुंदीने, आणि टायर दगडावरून उडण्याऐवजी त्याच्यावर बसतो. पण कडेची भिंतही बाहेर फुगते. आपल्याकडचा काळा कातळ धारदार फुटतो, भिंत कापली गेली की पंक्चरची दोरी कामाला येत नाही. म्हणून दगडात हाव नको. तळाला टणक जमीन असलेल्या पातळ चिखलातही फार सोडू नका, टायरने चिखल कापून खाली पोचायला हवं. आणि घोडबंदरच्या खड्ड्यांसाठी हवा सोडणारे महाभाग मी पाहिलेत. खड्ड्याची कडा कमी हवेच्या टायरला रिमवर चिमटते. उलटं काम आहे ते.

टायर गरम असताना मोजताय हेही लक्षात घ्या. निवला की एक-दोन पाउंड आणखी उतरणार, म्हणून १८ हवे असतील तर २० वर थांबा. पहिल्या टायरला किती वेळ लागला ते घड्याळावर बघा, बाकी तिघांना तेवढाच द्या, मग गेज लावा. वॉल्व्हच्या टोप्या खिशात, गवतावर नाही. गाडीत सोय असेल तर डॅशबोर्डवर कमी हवेचा पिवळा दिवा लागेल, लागू दे.

कमी हवेवर वेग ताशी तीस किलोमीटरच्या आत, स्टिअरिंग हळू. जमिनीपासूनची उंची थोडी कमी होते, डिफरन्शियल (गाडीच्या पोटाखाली चाकांच्या मध्ये लोंबणारा गोळा) सांभाळा.

परतताना डांबर लागण्याआधी भरा, पुढच्या पंपावर भरू म्हणू नका. कमी हवेचा टायर डांबरावर वेगाने पळवला की भिंत सतत दुमडते, तापते आणि फाटते. कंप्रेसर चटईवर ठेवा, चिखलात ठेवलात तर तोच आत ओढेल. नळीचं टोक भाजतं, हातमोजा घाला. कंप्रेसर चालू असताना त्याच्या काट्यावर विश्वास नको, बंद करून आपलं गेज लावा. टायर गरम आहेत, म्हणून तक्त्यापेक्षा दोन-तीन जास्त. आधी नायट्रोजन होता का, याची चिंता नको. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. टोप्या लावा.

दुसऱ्या सकाळी थंड टायर मोजून तक्त्याला आणा. उडालेल्या फ्यूजच्या जागी नवा घेऊन पुडीत टाका, आजच. रिमच्या आतल्या बाजूचा चिखल जोराच्या पाण्याने काढा. तो वाळून तसाच राहिला तर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंटचे पैसे भरून येतात.