बंद झालेल्या शहरी रेल्वे स्थानकाचा इतिहास कसा शोधावा : कुलाब्याचे उदाहरण

बंद झालेल्या स्थानकाचा इतिहास लिहायला बसणारा बहुधा ‘ते कधी बंद झाले’ या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याऐवजी तेथून सुटणाऱ्या गाड्या पुढे कोठून सुटू लागल्या, हे आधी शोधावे. मुंबईतल्या कुलाबा स्थानकाच्या बाबतीत या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात : बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या १८ डिसेंबर १९३० रोजी सुरू झालेल्या बॉम्बे सेंट्रलकडे गेल्या, तर उपनगरी गाड्यांचे शेवटचे स्थानक चर्चगेट झाले. कुलाब्यातून प्रवासी गाड्या सुटण्याचा शेवटचा दिवस ३१ डिसेंबर १९३० हा मानला जातो. त्यामुळे स्थानक बंद झाल्याचे वर्ष म्हणून १९३० आणि १९३१ अशी दोन्ही वर्षे लिहिलेली आढळल्यास गोंधळून जाऊ नये.

तारखांची खातरजमा करण्यासाठी वेळापत्रकासारखे दुसरे साधन नाही. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे वेळापत्रक शेजारी ठेवून मैलांचा रकाना कोणत्या स्थानकापासून सुरू होतो, कोणते नाव गळले आणि कोणत्या गाडीची सुटण्याची जागा बदलली, एवढे टिपून घ्यावे. वृत्तपत्रे चाळताना मात्र एक पथ्य पाळावे : आदल्या दिवसाच्या बातमीत जे ‘होणार आहे’, ते प्रत्यक्षात झाले की नाही, हे पुढच्या चार-आठ दिवसांच्या अंकांवरून तपासल्याशिवाय लिहू नये. प्रवासी वाहतूक बंद होणे, मालवाहतूक बंद होणे आणि रूळ उखडणे या तीन घटना असून त्यांच्या तारखा वेगळ्या नोंदवाव्यात.

कारणाचा शोध रेल्वेच्या कागदांपुरता ठेवल्यास इतिहास अर्धवट राहतो. कुलाब्याकडे जाणारा मार्ग किनाऱ्यालगत होता आणि १९२० च्या दशकात बॅकबेमध्ये समुद्रात भराव घालण्याची योजना चालू होती, हे नकाशांवरून चटकन कळते. म्हणूनच स्थानकाच्या फायलीइतकेच जमिनीच्या व्यवहाराचे सरकारी कागदही पाहावेत. मुंबईच्या संदर्भात ते शोधण्यासाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारापासून (जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहापासून) सुरुवात करावी. रेल्वे तोट्यात होती म्हणून स्थानक गेले, असे सरसकट लिहिण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण बोरिवली ते कुलाबा हा मार्ग जानेवारी १९२८ मध्ये, म्हणजे बंद होण्याच्या अवघ्या तीन वर्षे आधी, विजेवर आणलेला होता. नव्याने खर्च केलेला मार्ग सोडून का द्यावा लागला, या विसंगतीला लेखात ऐसपैस जागा द्यावी.

जागेवर सगळ्यात शेवटी जावे. कुलाब्याच्या जुन्या स्थानकाच्या आवारात आज रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क ही वसाहत आहे. आत जाण्यासाठी आणि छायाचित्रांसाठी परवानगी आधीच घ्यावी, आणि सोबत जुन्या नकाशाची प्रत ठेवून आवाराची हद्द, रस्त्याचे वळण आणि चर्चगेटकडे जाणारी दिशा यांचाच मेळ घालावा.