गिटार ॲम्प जुना घ्यावा की नवा? पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

फेंडर कंपनीचा ब्लूज ज्युनिअर हा गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) घ्यायचा, तर तिसरी आवृत्ती घ्यावी की चौथी? बॉस कंपनीच्या कटानाची दुसरी आवृत्ती, मार्क टू, स्वस्तात मिळतेय, मग तिसरी, जेन थ्री, कशाला? एकाच ॲम्पच्या तीन-चार आवृत्त्या बाजारात असल्या की हे प्रश्न येणारच. कुणीतरी ठामपणे सांगतं, "जुना तो जुना, आताच्या मालात दम नाही." लगेच दुसरा म्हणतो, "जुनी भानगड नको, नवा घे आणि मोकळा हो." दोघांचंही थोडं थोडं खरं असतं, पण समोरचा ॲम्प दोघांनीही पाहिलेला नसतो. त्यात सोलापुरात दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाजवून बघायची सोय फारशी नाही. पुण्याला किंवा हैदराबादला जायचं, नाहीतर फोटो बघून पैसे पाठवायचे. म्हणून आवृत्तीच्या आकड्यावर भिस्त ठेवली जाते आणि तिथेच गाडं अडतं.

आकडा बदलला म्हणजे सगळं बदललं, असं धरून चालणं

फेंडर ब्लूज ज्युनिअरची तिसरी आवृत्ती २०१० ची, चौथी २०१८ ची. दोन्हींत १५ वॅट, दोन ईएल८४ आणि तीन १२एएक्स७ व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), एक बारा इंची स्पीकर. तिसऱ्यात एमिनेन्सने बनवलेला लाइटनिंग बोल्ट स्पीकर होता, चौथ्यात सेलेस्टियनचा ए-टाइप आला, प्रीॲम्प (आवाजाला पहिला आकार देणारा भाग) आणि रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा भाग) यांत थोडी सुधारणा झाली. कानाला फरक कळतो, नाही असं नाही. पण तो बराचसा स्पीकरचा आहे, आणि स्पीकर पुढे केव्हाही बदलता येतो. तिसरा चांगल्या अवस्थेत आणि बऱ्याच कमी किमतीत मिळत असेल तर केवळ "चार" या आकड्यासाठी जादा पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेंडरच्याच हॉट रॉड डिलक्स या व्हॉल्व्ह ॲम्पचं थोडं वेगळं. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत व्हॉल्यूमचं बटण दोनच्या पुढे नेलं की आवाज एकदम अंगावर येतो. तिसऱ्या आवृत्तीत त्या बटणाची चाल बदलली आणि आवाज हळूहळू वाढवता येऊ लागला. घरी वाजवणाऱ्याला हा बदल रोज जाणवतो.

बॉस कटाना हा डिजिटल ॲम्प, आणि इथे आवृत्तीतला फरक खरोखर मोठा आहे. पहिल्या कटानात इफेक्टचे (आवाजावर चढवायच्या करामतींचे) तीन विभाग होते, मार्क टूमध्ये बूस्टर, मॉड्युलेशन, एफएक्स, डिले आणि रिव्हर्ब असे पाच वेगळे झाले. शिवाय प्रत्येक ॲम्प प्रकाराला (आवाजाच्या ढंगाला) दुसरा पर्याय देणारं व्हेरिएशनचं बटण आलं. जेन थ्रीमध्ये 'पुश्ड' हा नवा प्रकार मिळाला. ब्लूटूथ मात्र त्यात आपोआप येत नाही, त्याचा ॲडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो. "पहिला घेतो आणि सॉफ्टवेअर अपडेट करून मार्क टू करतो" असा बेत काही जण आखतात. तसं होत नाही. अपडेटने पहिला कटाना सुधारतो, पण तो पहिलाच राहतो.

मागची पट्टी न वाचणं

अमेरिकेत नोकरी करणारा भाऊ किंवा मेहुणा येताना ॲम्प घेऊन येतो, हे आता आपल्याकडे नवं राहिलेलं नाही. तिथला पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमधला १०० व्होल्ट. आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो म्हणून ॲम्पही चालेल असं समजून पिन बदलून बोर्डात घातला, की फ्यूज उडतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. मागच्या पट्टीवर व्होल्टेज छापलेलं असतं, ते वाचा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून काम भागतं, पण पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर ५० हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये खोलीतलंच तापमान चाळिशीला टेकलेलं असताना ही जादा उष्णता परवडत नाही.

पाच मिनिटं वाजवून सौदा करणं

विक्रेता ॲम्प आधीच तापवून ठेवतो, तुम्ही दोन कॉर्ड वाजवता, आवाज गोड येतो, व्यवहार होतो. त्याऐवजी जाताना सांगून ठेवा की ॲम्प थंड ठेवा, मी आल्यावर चालू करू. आपली गिटार आणि आपलीच केबल न्या. निदान अर्धा तास वाजवा. जुन्या ॲम्पचे बरेच दोष तापल्यावरच बाहेर येतात.

सुरुवात शांततेने करा. गिटार काढा, सगळी बटणं शून्यावर आणा आणि ऐका. तरीही जाड घरघर येत असेल तर शंका फिल्टर कंडेन्सरवर, म्हणजे आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या भागांवर. हे कंडेन्सर वयानुसार आतून सुकतात, आणि दर दहा अंश जादा तापमानाला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पंधरा-वीस वर्षांचा ॲम्प सोलापुरात पत्र्याच्या खोलीत राहिला असेल तर कंडेन्सर बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. गिटार लावल्यावरच हम (गुणगुण) येतो आणि गिटार घेऊन गिरकी घेतली की कमी-जास्त होतो, तर तो गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा (तारांखालच्या एकाच गुंडाळीच्या चुंबकी भागाचा). त्यात ॲम्पचा दोष नाही.

मग प्रत्येक बटण टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. घरातला गंजाचा स्प्रे मात्र मारू नका. व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकं टिचकवा. टिचकीचा थोडा आवाज स्पीकरमधून येणं चालतं, पण घंटेसारखा घुमला किंवा शिट्टी वाजली तर तो व्हॉल्व्ह बदलायला झाला.

हॉट रॉड डिलक्स असेल तर आणखी एक गोष्ट जरूर करा. आवाज मध्येच खाली बसतो, जोरात तार छेडली की परत येतो, असा दोष असेल तर मागे प्रीॲम्प आउट आणि पॉवर ॲम्प इन अशी दोन भोकं असतात, त्यांत छोटी पॅच केबल लावून दोन्ही जोडा. आवाज सुधारला, तर दोष फक्त त्या जॅकच्या आतल्या काळवंडलेल्या पत्तीचा आहे. साफ करून घ्यायचं किरकोळ काम आहे, आणि याच दोषामुळे लोक चांगले ॲम्प मातीमोल विकतात. नाही सुधारला, तर आतला सर्किट बोर्ड बघायला लागेल. त्यावर आर७८ आणि आर७९ अशा खुणांचे पाच वॅटचे दोन रेझिस्टर असतात. ते खूप तापतात. त्यांच्याखालचा बोर्ड तपकिरी-काळा पडलेला दिसतो, सोल्डरला केसाएवढी बारीक चीर जाते आणि चॅनल बदलणं, रिव्हर्ब असल्या गोष्टी अधूनमधून बंद पडू लागतात. नीट सोल्डर करून रेझिस्टर बोर्डापासून थोडे उचलून बसवले की काम होतं.

हे उघडून बघायचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. पिन काढली तरी व्हॉल्व्ह ॲम्पच्या कंडेन्सरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. जीव जाऊ शकतो.

दुरुस्ती कोण करणार, हे न विचारणं

लोकांना वाटतं की नवा म्हणजे निश्चिंती आणि जुना म्हणजे कटकट. वॉरंटी असेपर्यंत हे खरं आहे. त्यानंतर उलटं होतं. व्हॉल्व्ह ॲम्पमधले सुटे भाग डोळ्यांना दिसतात. गणपतीतले साउंडवाले ज्यांच्याकडे मशीन दुरुस्तीला टाकतात, त्या जुन्या रेडिओ-ॲम्प्लिफायरवाल्या काकांना ती रचना कळते, फक्त व्हॉल्व्ह बाहेरून मागवावे लागतात. डिजिटल ॲम्पचा मुख्य बोर्ड गेला तर इथे कुणी हात लावत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि जुन्या आवृत्तीचा बोर्ड मिळेलच असं नाही. म्हणून डिजिटल घेणार असाल तर शक्यतो नवी आवृत्ती, बिलासकट. व्हॉल्व्हचा घेणार असाल तर जुना नग बिनधास्त बघा, पण वर सांगितल्याप्रमाणे तपासून.

घरच्या वायरिंगचा राग ॲम्पवर काढणं

जुन्या पेठांतल्या बऱ्याच घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नसते. तिथे नवाकोरा ॲम्पही गुणगुणतो, आणि गिटारच्या तारांना हात लावला की गुणगुण कमी होते. ॲम्प परत करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. हम जावा म्हणून अर्थची पिन कापून टाकणारे लोक आहेत. कृपा करून हे कधीही करू नका. गिटारच्या तारांवर हात असताना माइकला ओठ टेकला तर तो झटका जिवावर बेतू शकतो. पूर्व भागात यंत्रमागाच्या लाइनवर घर असेल तर व्होल्टेजही खाली-वर होतं, मग तोच ॲम्प सकाळी खणखणीत आणि संध्याकाळी मलूल वाजतो. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लावला तर कुठलाही ॲम्प घरघरतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो.

वॅट बघून मोठा घेणं

व्हॉल्व्हचे १५ वॅट जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये जास्तच आहेत, आणि त्याचा खरा रंग येईपर्यंत खालचे काका दार वाजवतात. कटाना ५० मध्ये अर्ध्या वॅटवर आणायची सोय पहिल्या आवृत्तीपासून आहे. ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रमसोबत वाजवणार असाल तरच चाळीस वॅटच्या व्हॉल्व्हचा विचार करा.

लॅपटॉप न नेता जुना डिजिटल ॲम्प घेणं

हे ॲम्प संगणकाला जोडून त्यातले साठवलेले आवाज बदलता येतात, पण जुन्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही. कटानाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना टोन स्टुडिओ हे संगणकावरचं सॉफ्टवेअरही वेगवेगळं लागतं. स्वतःचा लॅपटॉप आणि त्या ॲम्पला बसणारी यूएसबी केबल घेऊन जा, सॉफ्टवेअर आदल्या रात्रीच उतरवून ठेवा, तिथे ॲम्प ओळखला जातो का बघा. ओळखला तर फॅक्टरी रीसेट मारा, आधीच्या मालकाच्या सेटिंग पुसा, आणि मूळ आवाजावर परत एकदा वाजवून मगच पैसे द्या.