सायलेन्सरचं रबर बदलताना हूक जपा

खड्ड्यातून गाडी गेली की मागून 'धप्प' असा आवाज येतो. सिग्नलला उभं असताना बुडाखाली बारीक खडखड सुरू असते. मागून पाहिलं तर सायलेन्सरचं टोक एका बाजूला झुकलेलं दिसतं. जुन्या गाडीत यातलं काहीही जाणवलं की आधी सायलेन्सरची रबरं, म्हणजे सायलेन्सरचा पाइप बॉडीखाली लटकवणारे रबरी तुकडे, बघा. हीट शील्ड, म्हणजे पाइपची उष्णता अडवणारा पातळ पत्रा, सैल झाली तरी साधारण असाच खडखडाट होतो, म्हणून गाडी थंड असताना पत्र्यावर मुठीने ठोकून पाहा. पत्रा वाजला तर दोष त्याचा. पाइप धरून हलवल्यावर तो कुठेतरी आदळत असेल, तर दोष रबरांचा.

एक रबर तुटलं तर काय बिघडतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याचा भार उरलेल्या रबरांवर जातो आणि तीही लवकर जातात. मग पाइपचं वजन पुढच्या जोडांवर लटकतं. फ्लेक्सिबल पाइपला (पुढच्या लवचिक जाळीदार तुकड्याला) चीर पडते किंवा मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या भागाचं, गॅस्केट (जोडातलं सील) फुंकायला लागतं. तिथून गळणारा धूर गाडीत शिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हे काम पुढे ढकलू नका.

तारेने बांधायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. इंजिन आपल्या माउंटिंगवर, म्हणजे ते टेकतं त्या रबरी आधारांवर, सतत हलत असतं आणि पाइप त्याच्याबरोबर हलतो. शिवाय पाइप तापला की लांबतो. अडीच मीटरचा पोलादी पाइप सरासरी २५० अंशांनी तापला, तर सात-आठ मिलिमीटर वाढतो. ही हालचाल झेलायलाच तिथे रबर दिलेलं असतं. तार ती अडवते, सगळी थरथर बॉडीत पाठवते आणि शेवटी स्वतः तुटते किंवा हूक कापते. रस्त्यात रबर तुटलं तर घरी पोहोचेपर्यंत तार चालेल, त्यापुढे नाही.

नवी रबरं गाडीच्या मॉडेलचीच घ्या आणि जुन्या रबराशेजारी धरून दोन भोकांमधलं अंतर ताडून पाहा. अंतर जास्त असेल तर पाइप खाली लोंबतो. फार कडक, पॉलियुरेथेनची रबरं मी रोजच्या गाडीला लावत नाही, कारण थरथर आत येते. एक तुटलं असेल तरी सगळी बदला, सगळी सारख्याच वयाची असतात.

काम सुरू करताना सायलेन्सर पूर्ण थंड हवा. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या, चाकांना अडण लावा आणि गाडी जॅक स्टँडवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या पक्क्या आधारांवर) टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. डोळ्यांवर चश्मा लावा, गंज थेट तोंडावर पडतो.

आता जुनं रबर काढणं. सगळं काम इथेच अडतं.

बॉडीला एक हूक असतो आणि पाइपला वेल्ड केलेला दुसरा. दोन्हींचं टोक फुगीर असतं, रबर निसटू नये म्हणून. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं आणि गंजलेल्या सळईला घट्ट चिकटतं. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला. तासभर रबर हललं नाही, मग अचानक पाइपवरचा हूकच वेल्डमधून सुटून हातात आला. रबर जागच्या जागी होतं. पाच मिनिटांच्या कामासाठी मग पाइप उतरवून वेल्डिंग करून घ्यावं लागलं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: रबर कितीही फाटू दे, हुकाला धक्का लागता कामा नये.

म्हणून जुनं रबर सोडवत बसू नका, कापा. त्याआधी पाइपखाली दुसरा जॅक लावा, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा आणि रबरावरचा ताण सैल होईल इतकाच पाइप उचला. मग धारदार कटरने किंवा हॅकसॉच्या पात्याने भोकाची कड कापा. धार स्वतःपासून दूर, आणि ब्रेकच्या वा इंधनाच्या नळीकडेही वळता कामा नये. काही रबरांच्या आत लोखंडी पट्टी असते. पातं तिथे अडलं तर बाजू बदला, जोर वाढवू नका. टॉर्चने जाळून काढायचा सल्ला देणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नका. इंधनाची टाकी तिथून हातभर अंतरावरही असू शकते.

एका वेळी एकच रबर काढा. सगळी एकदम कापलीत तर पाइप खाली येतो आणि पुढच्या जोडावर नको तितका ताण पडतो.

रबर निघालं की हूक तारेच्या ब्रशने चांगला घासा. गंजाचे पोपडे राहिले तर नवं रबर अर्ध्यावर अडतं आणि आतून खरवडतं. हूक झिजून बारीक झाला असेल किंवा वेल्डजवळ चीर दिसत असेल तर इथेच थांबून आधी तो दुरुस्त करून घ्या.

नवं रबर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. नरम होतं, आणि हा एवढा एक उपाय निम्मं काम करतो. चढवताना हुकाला आणि भोकाला साबणाचं पाणी लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यांतलं काहीही लावू नका. ही रबरं बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात आणि खनिज तेलाने ती फुगून कमजोर होतात. त्यावेळी सरकन बसलेलं रबर थोड्याच दिवसांत सैल पडतं. गंज सोडवायला तेल मारलं असेल तर तेही पुसून घ्या.

ज्या हुकाला हात नीट पोहोचत नाही, त्यावर रबर आधी चढवा. बहुतेक गाड्यांत तो बॉडीकडचा असतो. मग जॅकने पाइप हळूहळू वर आणा, दुसरं भोक हुकासमोर आलं की अंगठ्याने दाबत, डावी-उजवीकडे पिळत सरकवा. सरळ ढकलून ते जात नाही, पिळल्यावर जातं. फुगीर टोक पलीकडे पूर्ण बाहेर आलेलं डोळ्यांनी पाहा. अर्धवट बसलेलं रबर पहिल्याच खड्ड्यात निघतं.

बाकीची रबरंही अशीच.

जॅक काढल्यावर पाइप सगळीकडे बॉडीपासून मोकळा आहे ना, आणि एकाही रबराला तिरका पीळ पडलेला नाही ना, ते बघा. पीळ असेल तर पाइपच्या जोडावरचा क्लॅम्प (आवळपट्टी) सैल करा, पाइप फिरवून सरळ करा आणि पुन्हा आवळा. मग इंजिन सुरू करून मोकळ्या हवेत आवाज ऐका. थोडी गाडी चालवून, ती थंड झाल्यावर क्लॅम्प एकदा तपासा.

यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला रबर अंगठ्याने वाकवून पाहायचं. वरवर बारीक रेघा चालतात, पण वाकवल्यावर चीर उघडत असेल तर रबर बदलायला झालं. इंजिनाजवळचंच रबर पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर नवं आणण्याआधी इंजिन माउंटिंग तपासून घ्या. ते खचलेलं असेल तर इंजिन जास्त हलतं आणि प्रत्येक झटका त्याच रबराला बसतो.