डेडलिफ्टमध्ये पाठीआधी पकड सुटते? स्ट्रॅप कधी व कसे बांधावेत (माझा अनुभव)

डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा वजनांचा बार उचलून सरळ उभे राहण्याच्या व्यायामात, बार गुडघ्यांपर्यंत येताच उजव्या हाताच्या बोटांकडे घरंगळत असे आणि पाठीत, मांड्यांत जोर शिल्लक असूनही सेट अर्धवट सोडावा लागे. बडोद्याच्या दमट पावसाळ्यात तर अधिकच. फार वैताग आला होता. हातमोज्यांनी बार जाड झाला, तर एक तळवा पुढे व एक मागे अशा पकडीने उताण्या हाताच्या दंडावर ताण येऊ लागला.

उपयोगी पडलेला क्रम असा: हलके सेट दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवून उघड्या हातांनीच करावेत आणि पकड सैल पडू लागेल त्या वजनापासूनच स्ट्रॅप (मनगट बारला बांधणाऱ्या पट्ट्या) बांधावेत. पट्टीचे टोक तिच्याच फासातून ओवून फास मनगटावर घट्ट करावा, मोकळे टोक तळव्यावरून अंगठा व तर्जनी यांच्यामधून खाली सोडावे, ते बारच्या खालून पलीकडे नेऊन वरून स्वतःकडे आणावे, त्यावर मूठ आवळावी आणि उचलण्यापूर्वी बार स्वतःकडे फिरवून उरलेली ढील काढावी. ही ढील राहिली, तर पट्टी बांधूनही बार घसरतो.

जड सेट संपल्यावर हलका बार उघड्या हातांनी, बोटे उघडू लागेपर्यंत, उभ्याने धरून ठेवावा. पकडीचा सराव यातूनच टिकतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत, म्हणून स्पर्धकांनी काही जड सेट त्यांच्याविनाच करावेत, असे माझे ठाम मत आहे.