मेलबर्नच्या चाइल्डकेअरमधली भातुकली

नाशिकला सात वर्षं बालवाडी घेतली होती, म्हणून मेलबर्नला आल्यावर वाटलं, चाइल्डकेअर काय, आपल्या हातचा मळ. तो मळ पहिल्याच प्लेसमेंटला, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून केंद्रात करायच्या कामाला, उतरला. एक मुलगा कागदभर तपकिरी रंग फासत बसला होता. सवयीने मी त्याचा ब्रशाचा हात धरला आणि गोल काढला, "बघ, सूर्य!" खोलीतली सीनियर हळूच म्हणाली, "चित्र त्याचं होतं ना?" मी कानकोंडी झाले. मुलगा तर केव्हाच उठून गेला होता.

ज्यांना या कामात यायचंय त्यांच्यासाठी आधी कागदपत्रांचं, पटापट. पहिला कोर्स सर्टिफिकेट थ्री, मग डिप्लोमा. पहिल्याला किमान १६० तास आणि दुसऱ्याला २८० तास प्रत्यक्ष केंद्रात काम करावं लागतं. डिग्री करून टीचर होणं हा वेगळा रस्ता. वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे मुलांसोबत काम करण्यासाठीची सरकारी पडताळणी, नसेल तर दारातही उभं करत नाहीत. प्लेसमेंटपुरता व्हॉलंटिअरचा काढलात तर आमच्या व्हिक्टोरिया राज्यात तो फुकट मिळतो. आणि फी भरण्याआधी प्लेसमेंट कोण शोधणार, हे लेखी घ्या. माझ्या संस्थेने आधी तोंडभरून आश्वासन दिलं आणि ऐन वेळी हात वर केले. अकरा केंद्रांच्या पायऱ्या झिजवल्या, बाराव्याने घेतलं.

इथला अभ्यासक्रम म्हणजे अर्ली इयर्स लर्निंग फ्रेमवर्क. २००९चा, २०२२ मध्ये सुधारलेला. जूनमध्ये कोणतं अक्षर, जुलैत कोणतं, असा तक्ता त्यात नाहीच. मुलाची स्वतःची ओळख, आजूबाजूच्या जगाशी नातं, स्वास्थ्य, शिकण्यातला आत्मविश्वास आणि संवाद अशी पाच उद्दिष्टं. मला हे सगळं गुळमुळीत वाटलं होतं. मुलं खेळणार आणि आपण खुर्ची टाकून बसणार, याचा पगार? बसायला मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. सगळं काम बघण्याचं आणि लिहिण्याचं.

माझं पहिलं निरीक्षण होतं, "मूल पाण्यात छान खेळलं." परत आलं. दुसरंही, तिसरंही. चौथ्यांदा असं लिहिलं: नरसाळ्यातून बाटलीत पाणी ओतत होता. बाटली भरून वाहायला लागली तसा थांबला, बाटली हलवून पाहिली, माझ्याकडे बघून "फुल!" म्हणाला आणि बादली ओढत घेऊन आला. खाली पुढचा बेत: उद्या लहानमोठी भांडी ठेवायची, त्यातल्या एकाला तळाशी भोक. यालाच इथे प्लॅनिंग म्हणतात. भोकाचं भांडं त्याने तीन दिवस कुणाला दिलं नाही.

दगड, झाकणं, बिया टोपलीत मांडून ठेवतात, त्याला 'लूज पार्ट्स' असं भारदस्त नाव. मला कोसबाड आठवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर, आणि साहित्य काय, तर परिसरातली पानं, बिया, खडे. इंटरव्ह्यूत "खेळातून शिकण्याबद्दल तुमचं मत?" हा प्रश्न हमखास येतो. पाठ केलेला बालमानसशास्त्रज्ञ पियाजे सांगायचा सोडून मी कोसबाड सांगितलं. डायरेक्टरने स्पेलिंग विचारून लिहून घेतलं.

दर्जाचे नियम २०१२ पासून देशभर एकाच चौकटीत आहेत. मोजता येतो तो भाग सोपा: मुलामागे आत ३.२५ चौरस मीटर मोकळी जागा, बाहेर ७. व्हिक्टोरियात तीन वर्षांखालच्या ४ मुलांमागे एक ताई, त्यावरच्या ११ मुलांमागे एक. हा 'रेशो' दिवसभर कानावर आदळतो. पाणी प्यायला जायचं तरी ओरडून सांगायचं, कोणीतरी जागेवर आल्याशिवाय हलायचं नाही, बागेतून आत येताना डोकी मोजायची. अवघड भाग पुढे. तपासणीला आलेल्या बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि मला विचारलं, "त्याला भोकाचंच भांडं का दिलं?" मुलांकडून अठरा एकसारखे पेंग्विन करून घेऊन भिंतीवर चिकटवले असते तर त्यांनी त्याबद्दलही विचारलं असतं, आणि मला उत्तर देता आलं नसतं. नोकरी शोधताना केंद्राचं रेटिंग बघा, ते जाहीर असतं. सोबत तारीखही बघा. जुनं असेल तर अर्धा दिवस तिथे काढून मगच हो म्हणा.

सगळ्यात कठीण तपासणी मात्र आपल्याच लोकांची, संध्याकाळी साडेपाचला दारात. "आज काय शिकवलं?" असं एका मराठी बाबांनी विचारलं. मी फोटो दाखवला: मड किचन, म्हणजे आपली भातुकलीच. पानांच्या पोळ्या, चिखलाची भाजी, मैत्रिणी चार आणि पोळ्या तीन. त्यांच्या लेकीने सगळ्या पोळ्या फाडून अर्ध्या केल्या, प्रत्येकीला एकेक वाढली आणि उरलेल्या दोन अर्ध्यांवर बराच वेळ विचार करत बसली. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला. मग लेकीच्या पँटकडे.

"हे डाग निघतात का?"

निघतात. रात्रभर गार पाण्यात भिजवून ठेवा.