एअरबॅगचा दिवा घालवायची घाई: या चुका टाळा

चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. विझला नाही तर यंत्रणेत बिघाड आहे, आणि धडकेत एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही. तरी गॅरेजमध्ये येणाऱ्या बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, नुसता दिवा घालवा की."

दिवा घालवायचा सोपा मार्ग म्हणजे कोड, म्हणजे यंत्रणेने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, पुसणे. बिघाड तिथेच, त्यामुळे दिवा पुन्हा हजर. ऑनलाइन मागवलेला स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो. तो 'नो फॉल्ट' म्हणाला म्हणजे एअरबॅग ठीक, असं नाही. पुसण्याआधी कोड लिहून ठेवा. मग सीटखालचे पिवळे कनेक्टर बघा. सीट कव्हर बसवणारा, व्हॅक्यूम मारणारा, पडलेला मोबाइल शोधणारा, सगळ्यांचा हात तिथेच जातो. पावसाळ्यात कार्पेट भिजलं की पिनांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर, पूर्ण वाळवण, 'टक' आवाज येईपर्यंत दाबणं, एवढ्यावर पुष्कळ गाड्या सुटतात. कनेक्टर तोडून वायरी पिळून जोडणाऱ्यांना मात्र माझा नमस्कार. कनेक्टर निघाला की एअरबॅगकडच्या दोन्ही पिना आपोआप जोडून ठेवणारी पट्टी त्यातच असते. ती एअरबॅगला चुकून उडण्यापासून वाचवते.

आता माझा खरा राग. इस्लामपूरहून एक हॅचबॅक आली. एअरबॅगचा दिवा चालू, हॉर्न बंद, स्टिअरिंगवरची बटणंही बंद. आधीच्या मिस्त्रीने फ्यूज, रिले, शेवटी हॉर्नच नवा घातला होता. दिव्याचं काय? मीटरच्या काचेवर काळी टेप! तिन्ही तक्रारी एकत्र वाचल्या असत्या तर उत्तर समोर होतं, क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंगबरोबर गुंडाळत-उलगडत जाणारी ही चपटी वायर या तिन्हींना जोडते. मालकाला विचारलं तर कळलं, स्टिअरिंगला लेदर शिवून घेतलं होतं. लेदर शिवणाऱ्या पोराने चाकं वळलेली असतानाच स्टिअरिंग काढलं, क्लॉक स्प्रिंग हातात फिरली, तशीच बसवली. पुढे पूर्ण वळण घेताना वायर तुटली. पाच मिनिटं वाचवली पोराने, भुर्दंड मालकाला.

माझी सवय: चाकं सरळ, स्टिअरिंगच्या शाफ्टवर (दांड्यावर) मार्करची खूण, क्लॉक स्प्रिंग हलू नये म्हणून चिकटपट्टी. नवी बसवताना मॅन्युअलप्रमाणे मध्यावर आणायची, जोर लावायचा नाही.

एअरबॅगला मल्टिमीटर लावू नका. मीटरच्या करंटनेही ती उडू शकते. तिच्या जागी साधारण दोन ओहमचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) लावून तपासायचं.

काही उघडण्याआधी चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि मॅन्युअल सांगेल तेवढं थांबायचं, कारण एअरबॅग चालवणाऱ्या मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरतो. मी त्या वेळात चहा घेतो. नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो. कनेक्टर सुटे असताना चावी फिरवायची नाही, नवे कोड पडतात.

काढलेली एअरबॅग कव्हर वर करूनच ठेवा.

जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो का ते बघा. लागलाच नाही, किंवा ऑइलच्या दिव्याबरोबरच लागतो-विझतो, तर बहुधा कुणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर दुसरीकडे जोडली आहे. दिवा बरोबर लागला-विझला, तरी सुटकेचा श्वास टाकू नका. एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून फसवलेली गाडी दिवा अगदी बरोबर दाखवते, म्हणून स्टिअरिंगचं कव्हर उघडून आत एअरबॅग आहे का, हे जाणत्या मिस्त्रीकडून बघून घ्या.