सायकल टाइम कमी करायचाय? फीडला नंतर हात लावा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सेटर (टूल आणि प्रोग्रॅम लावून देणारा) म्हणून काम करताना दरवेळी हेच पाहिलंय, पार्टीने रेट पाडला की मालक म्हणतो सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, कमी कर, आणि ऑपरेटर सगळ्यात आधी फीड ओव्हरराइड (कापताना टूल सरकायचा वेग कमीजास्त करायचं बटण) १२० टक्क्यांवर नेतो. मग इन्सर्ट (टूलच्या टोकाला लावलेले कापणारे तुकडे) तुटतात, फिनिश जाते आणि वाचलेले सेकंद इन्सर्ट बदलण्यातच परत जातात.

त्यापेक्षा मोबाइलचं स्टॉपवॉच लावा न एक पूर्ण जॉब नुसता उभं राहून बघा भाऊ. टूल मटेरियलला लागलेलं किती वेळ आणि हवेत किती वेळ, लिहून काढा.

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) ड्रिलिंगमध्ये बरेचदा आर १० टाकलेलं असतं, म्हणजे जॉबच्या १० मिमी वरूनच ड्रिल कटिंग फीडने उतरायला लागतं. आता १००० आरपीएमला दर फेऱ्याला ०.२ मिमी फीड म्हणजे मिनिटाला २०० मिमी, आर २ केलं तर एका भोकामागे ८ मिमी वाचतात, ६ भोकांचे ४८ मिमी, म्हणजे १४ सेकंदांच्या वर! २०० जॉबच्या लॉटला पाऊण तासापेक्षा जास्त, आणि टूलवर काहीच जास्तीचा लोड नाही. फक्त कास्टिंगचा वरचा भाग खालीवर असतो, तिथे ४-५ ठेवा. भोकांच्या मधात क्लॅम्प येत नसेल तर प्रोग्रॅममध्ये जी९८ ऐवजी जी९९ लावा, म्हणजे टूल आर पर्यंतच वर येतं, दर भोकाला टूल उगाच वरपर्यंत जाणार नाही. आणि जी८३ (टप्प्याटप्प्याने ड्रिल पूर्ण बाहेर काढणारी सायकल) सवयीने टाकू नका, खोली डायाच्या तिप्पटीच्या आत असेल न चिप नीट तुटून निघत असेल तर जी८१ (एका दमात ड्रिलिंग) पुरतं, चिप लांब येत असेल तर जी७३ (ड्रिल थोडंसंच मागे घेऊन चिप तोडणारी).

आर्म टाइप एटीसी (आपोआप टूल बदलणारा हात) असेल तर पुढच्या टूलचा टी कोड, म्हणजे टूल नंबर, आधीच द्या, कटिंग चालू असतानाच टूलचं मॅगझिन फिरून तयार राहतं.

टर्निंगला, म्हणजे लेथवर, वेगळं दुखणं असतं. जी९६ (डायाप्रमाणे आरपीएम बदलून कटिंगचा वेग सारखा ठेवणारा कोड) चालू ठेवून टूल मागे नेलं की एक्स, म्हणजे डाया, वाढतो तसा आरपीएम पडतो, पुढचं टूल जवळ आलं की परत चढतो, त्यात वेळ जातो. टूल बदलायच्या आधी जी९७ ने (यात आरपीएम एकच राहतो) पुढच्या टूलला लागणारा आरपीएम देऊन टाका, डायाजवळ पोचल्यावर जी९६. जी५० ची जास्तीत जास्त आरपीएमची लिमिट मात्र कधीच काढू नका, फेसिंगमध्ये सेंटरकडे जाताना आरपीएम चढतच जातो आणि चकमधून जॉब सुटला तर समोर माणूस उभा असतो. टरेटही (टूल लावलेलं फिरतं डोकं) दरवेळी होमला, म्हणजे पार मागच्या जागेवर, न्यायची गरज नाही, सगळ्यात लांब बोरिंग बार चकला लागणार नाही इतकं अंतर पुरे.

मे महिन्यात आपल्याकडे शेड तापली की सकाळचा साइज दुपारी राहत नाही, ऑपरेटर दर जॉबला मशीन थांबवून मोजत बसतो. मशीन आधी वॉर्मअप करून घ्या, किती जॉबनंतर मोजायचं ते ठरवा.

एका वेळी एकच बदल करा, पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत) रॅपिड, म्हणजे हवेत टूल सरकायचा वेग, २५ टक्के ठेवून काढा. न झाल्यावर रॅपिड परत १०० करा, आमच्याकडे एकदा पूर्ण शिफ्ट २५ वरच चालली होती आणि आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो होतो.